एवढ्यात संपली?

गेल्या हिवाळ्यात पुण्यातल्या एका नाट्यगृहात लावणीचा कार्यक्रम होता. जुन्या संगीत बाऱ्यांना आणि त्यांच्या पिढ्यानपिढ्या चालत आलेल्या पार्ट्यांना मानवंदना, असं जाहिरातीत लिहिलं होतं. मी दोन तिकिटं काढली आणि आईला केडगावहून गाडीने बोलावून घेतलं. पडदा उघडला, मुजरा झाला, दोन लावण्या झाल्या. तिसरी संपून टाळ्या सुरू झाल्या तेव्हा आई माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "एवढ्यात संपली?"

पुढची लावणी मी फोनवर मोजली. पाच मिनिटं आणि काही सेकंद. त्यानंतरची त्याहून थोडी कमी. दोन तासांत चौदा लावण्या, मध्ये निवेदन, दोन सत्कार आणि एक मध्यंतर. कार्यक्रम वाईट होता असं मला म्हणायचं नाही. गाणाऱ्या पक्क्या होत्या, ढोलकी वाजवणारा तर असा होता की त्याच्यासाठी पुन्हा तिकीट काढावं. तरीही घरी आल्यावर माझ्या डोक्यात राहिला तो आईचा प्रश्नच. या कार्यक्रमाबद्दल मला जे म्हणायचंय, ते सगळं त्या दोन शब्दांत आहे. आता ते उलगडून सांगते.

*

आमचं घर केडगावच्या चौफुल्यापासून फार लांब नाही. शिरूरहून न्हावऱ्यावरून येणारा रस्ता भीमा ओलांडून पुणे-सोलापूर महामार्गाला जिथे छेदतो आणि पुढे सुपे-मोरगावकडे निघून जातो, ते हे चौफुला. नाव साधं रस्त्याचं आहे. पण आमच्याकडे "तो चौफुल्याला गेला होता" एवढं कुणी म्हटलं की पुढचं विचारत नाहीत. तिथे लावणीची थिएटरं आहेत. उसाचं बिल जमा झालं, गुऱ्हाळाचा हिशेब झाला, की गावातले काही पुरुष तिकडे जातात आणि घरातल्या बायका तो विषय काढत नाहीत. लहानपणी मला 'चौफुला' हा शब्द शिवीसारखा वाटायचा.

आईचं माहेर शिरूर तालुक्यातलं, कवठे येमाईचं. देवीच्या यात्रेत तमाशाचा फड यायचा, तो तिने बायकांच्या घोळक्यात बसून पाहिलेला आहे. गण, गवळण, बतावणी, मग पहाटेपर्यंत वग. लग्न होऊन भीमेच्या अलीकडे आली आणि ते बंद झालं. इथे यात्रेचा तमाशा नव्हता असं नाही, पण सुनेने जाऊन बसायची रीत नव्हती. चौफुल्याचा तर प्रश्नच नव्हता.

पण कानाला कोण अडवणार? शेतीची लाइट रात्रीची असली की वडील मोटर चालू करायला आणि दारं धरायला रानात जात. आई त्यांची वाट बघत अंगणात जागी असे. थंडीत आवाज लांबवर येतो. थिएटरातली ढोलकी, पेटी आणि मधूनच वर चढणारा बाईचा आवाज उसावरून अंगणापर्यंत यायचा. असं तिने कितीतरी वर्षं ऐकलं. मी कॉलेजात असताना एकदा भाकरी थापता थापता ती एक लावणी गुणगुणायला लागली, तेव्हा मला हे कळलं. सिनेमातली नव्हती, यूट्यूबवर शोधली तर सापडली नाही. "कुठं ऐकलीस?" म्हटलं तर तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "येते की वाऱ्यावर."

म्हणजे माझ्या शेजारच्या खुर्चीत बसलेली बाई ही संगीत बारीची कितीतरी वर्षांची श्रोता होती. तिने फक्त बारी पाहिलेली नव्हती. म्हणून मला तिचं मत त्या निवेदकाच्या मतापेक्षा जास्त वजनाचं वाटतं.

*

ज्यांनी लावणी फक्त रीलमध्ये पाहिलीय त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. तमाशाचे ढोबळ दोन प्रकार. ढोलकी फडाचा तमाशा हा फिरता असतो. तंबू, ट्रक, सोंगाड्या, वग, गावोगावच्या यात्रा. संगीत बारी ही मुख्यतः गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांची. एका थिएटरात अशा अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात. पार्टी ओळखली जाते ती तिच्या प्रमुख बाईच्या नावाने, आणि नावामागे बहुतेकदा गाव असतं: सातारकर, नगरकर, पंढरपूरकर. प्रत्येक पार्टीची रंगमंचावर यायची पाळी ठरलेली असते. ती पाळी म्हणजे बारी.

आणि बारीत गाणं किती वेळ चालणार, हे गाणारीने आधी ठरवलेलं नसतं. समोरचा रसिक फर्माईश करतो, नोट पुढे करतो, त्याला दौलतजादा म्हणतात. ओळ पुन्हा येते. पुन्हा नोट, पुन्हा ओळ. बाहेरच्याला वाटतं की हा सगळा पैशांचा खेळ आहे. पैशांचा आहेच. पण त्या खेळामुळे लावणीला एक असा गुण मिळाला, जो पाच मिनिटांत दिसत नाही.

तो मी एकदाच पाहिला. दोन वर्षांपूर्वी चुलतभाऊ आणि त्याची बायको यांच्यासोबत मी चौफुल्याच्या एका थिएटरात गेले होते. घरी सांगितलं नव्हतं. प्रेक्षकांत बाया आम्ही दोघीच. पुढे एक म्हातारे शेतकरी बसले होते, पांढरी टोपी, कोपरी, पायाशी पिशवी. त्यांनी बैठकीची लावणी सांगितली. गाणारी बाई पन्नाशीची असेल. ती उठलीसुद्धा नाही, बसल्या जागी पदर सावरला आणि सुरुवात केली. प्रियकराला आणखी थोडा वेळ थांबवून घेणारी, अशा अर्थाची ओळ होती.

पहिल्यांदा तिने ती हसत म्हटली, थट्टेने, म्हणजे जायचं तर जा. म्हाताऱ्यांनी बोट वर केलं. दुसऱ्यांदा तीच ओळ रुसून आली, मान वळलेली आणि डोळे दाराकडे. तिसऱ्या वेळी तिने 'थोडा' या अर्थाच्या एका शब्दावर आवाज इतका खाली आणला की ढोलकीवाल्याने उजवा हात उचलून घेतला आणि फक्त डाव्या हाताची धुम हलकेच बोलत राहिली. चौथ्या वेळी ती प्रियकराशी बोलतच नव्हती, स्वतःच्या वयाशी बोलत होती. शब्द तेच, चालही तीच. म्हातारे डोळे मिटून बसले होते. त्यांनी पुढे केलेली नोट कितीची होती कोण जाणे, पण ते नाच बघायला आलेले नव्हते. अर्ध्या तासात फक्त ध्रुवपद आणि एक कडवं झालं.

लावणीचा खरा कस इथे लागतो. एका ओळीत किती बायका दडलेल्या आहेत, हे दाखवायला वेळ लागतो. पुण्याच्या कार्यक्रमात तो वेळ नव्हता. तिथे प्रत्येक ओळीचा एकच अर्थ निघत होता, बहुधा पहिला, म्हणजे थट्टेचा. आणि ती लावणी थट्टेच्या पुढे जायच्या आत टाळ्या वाजत होत्या. आईला गाणी ओळखू येत होती, पण तिला ती अर्धवट वाटत होती. घर दाखवतो म्हणून नेलं आणि ओसरीवरूनच परत आणलं, तसं.

*

निवेदक चांगल्या आवाजाचे होते. त्यांनी तीनदा 'लोप पावत चाललेली ही कला' असं म्हटलं. दर वेळी प्रेक्षक गंभीर होत होते. मला मात्र हसू येत होतं, कारण जिथे लोप पावत चाललीय ती जागा तिथून साठेक किलोमीटरवर होती आणि त्या वेळी तिथे बहुधा चौथी बारी चालू असेल. कार्यक्रमानंतर बाहेर कलावंतांच्या गाडीजवळ मी घुटमळले. त्यांच्यातली एक मुलगी फोनवर कुणाला तरी सांगत होती, की उद्या संध्याकाळी बारी आहे, म्हणून रात्रीच निघायचंय. जिला उद्या कामावर जायचंय तिला आपण आज श्रद्धांजली वाहून मोकळे झालो होतो.

हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. १९९६ साली हवानातल्या एका स्टुडिओत काही म्हातारे वादक-गायक जमवून क्युबाच्या जुन्या नाचाच्या संगीताची एक रेकॉर्ड केली गेली. 'बुएना व्हिस्टा सोशल क्लब' नावाने ती १९९७ मध्ये आली आणि जगभर गाजली. १९९८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला, १९९९ मध्ये व्हिम व्हेंडर्सचा माहितीपट आला. इब्राहिम फेरेर हा गायक तेव्हा बूटपॉलिश करून पोट भरत होता, रुबेन गोन्सालेस या पियानोवादकाच्या घरी पियानो नव्हता. त्यांना उतारवयात मान आणि पैसा मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण जगाने गोष्ट अशी ऐकली की हे संगीत हरवलं होतं आणि कुणीतरी येऊन ते शोधून काढलं. त्याच काळात हवानात 'लॉस व्हान व्हान'सारखा बँड नव्या गाण्यांवर लोकांना नाचवत होता. 'ओर्केस्ता आरागोन' हा १९३९ साली सिएनफुएगोस शहरात सुरू झालेला बँड तेव्हाही वाजत होता. हरवलेलं कुणीच नव्हतं. ऐकणारे नवीन होते, एवढंच.

क्युबाच्या 'सोन' या प्रकाराचं आणि बारीचं एक साम्य मला फार महत्त्वाचं वाटतं. सोनच्या उत्तरार्धात मागचे लोक एकच छोटी ओळ पुन्हा पुन्हा म्हणतात, आपल्या झीलकऱ्यांसारखी, आणि मुख्य गायक दर वेळी काहीतरी नवीन जोडत जातो. नाचणारे थकेपर्यंत ते चालू शकतं. मग ग्रामोफोनच्या तबकड्या आल्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावायची. सोन तीन मिनिटांची झाली, लावणीही झाली. पुढे सिनेमाची लावणी आली तीही त्याच मापाची, आणि आता रील. तबकडीला जागा नव्हती, तिचा नाइलाज होता. नाट्यगृहात तर दोन तास हाताशी होते. तिथेही आपण तबकडीचंच माप लावतो, याचं कारण मला कळत नाही.

*

जुन्या पार्ट्यांचा गौरव करताना आणखी एक गल्लत होते. जुनं म्हणजे न बदललेलं, असं गृहीत धरलं जातं. आरागोनचं नेतृत्व १९४८ पासून राफाएल लाय यांच्याकडे होतं, त्यांच्यानंतर ते त्यांच्या मुलाकडे आलं. लॉस व्हान व्हान १९६९ मध्ये हुआन फोर्मेल यांनी काढला, ते २०१४ मध्ये गेले, आता त्यांचा मुलगा बँड चालवतो. आपल्याकडे पाहा. नारायणगावच्या भाऊ-बापू मांग यांचा फड, भाऊंची मुलगी विठाबाई, विठाबाईंची मुलगी मंगला बनसोडे, मंगलाताईंचा मुलगा नितीनकुमार. कांताबाई सातारकरांनंतर रघुवीर खेडकर. नावं टिकली, कारण प्रत्येक पिढीने समोरच्या प्रेक्षकाकडे बघून काहीतरी टाकलं आणि काहीतरी नवीन घेतलं.

नवीन घेतलं म्हणजे नवीन लिहिलंही गेलं. आईच्या माहेरचे बशीर मोमीन कवठेकर यांचं उदाहरण माझ्या जवळचं आहे. शिरूर तालुक्यातल्या त्या गावात राहून त्यांनी कितीतरी फडांसाठी गण, गवळणी, लावण्या आणि वग लिहिले. हुंडा, व्यसन असे त्या त्या वेळचे विषय त्यांनी फडाच्या भाषेत आणले. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. २०२१ मध्ये ते गेले. आईला त्यांच्याबद्दल कौतुक आहे ते असं, की "आमच्या गावात बसून लिहायचे आणि गाणं कुठं कुठं जायचं." पुण्याच्या कार्यक्रमात चौदा लावण्या झाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा सिनेमामुळे घराघरांत माहीत झालेल्या. लिहिणाऱ्यांची नावं दोन-तीनदाच आली. ढोलकी, तबला, पेटी वाजवणाऱ्यांची ओळख शेवटी एका दमात उरकली. पार्टीला मानवंदना द्यायची, तर पार्टी म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं.

आणि टिकणं किती नाजूक असतं तेही. २०२० चा गुढीपाडवा २५ मार्चला होता. यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे लोक ज्या दिवसांत नारायणगावच्या राहुट्यांवर येतात, नेमके ते दिवस. देशभर टाळेबंदी सुरू झाली तीही त्याच दिवशी. हंगामच गेला, आणि पुढच्या वर्षीही तेच. थिएटरंही बंद. ज्या पार्ट्या त्यातून उभ्या राहिल्या त्यांना म्हातारी कला म्हणण्यापेक्षा चिवट धंदा म्हटलं तर त्यांना जास्त आवडेल, असं मला वाटतं.

*

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, ही मुलगी चौफुल्याचं गुणगान करतेय. तसं नाही. त्या रात्री थिएटरात म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या मागे आणखी एक टोळकं होतं. त्यांचीही फर्माईश होती. नोट देताना हात सोडायचा नाही, ही त्यांची गंमत होती. गाणारी अठरा-वीसची मुलगी हसत हात सोडवून घेत होती, आणि ते हसू तिच्या कामाचा भाग आहे हे मला दिसत होतं. ज्या नोटेमुळे म्हाताऱ्यांना ती चौथी ओळ मिळाली, त्याच नोटेने टोळक्याला तो हात मिळाला होता. किशोर शांताबाई काळे यांचं 'कोल्हाट्याचं पोर' हे आत्मकथन १९९४ साली आलं. या कलेची किंमत घरातल्या बाईने आणि तिच्या मुलांनी कशी मोजली, हे ज्याला जाणून घ्यायचंय त्याने ते वाचावं. त्यानंतर 'आमच्या बारीत कशी मजा होती' असं सहज म्हणता येत नाही.

नाट्यगृहात त्या मुलीचं मानधन आधी ठरलेलं होतं. कुणी तिच्या हाताला हात लावला नाही. आणि माझी आई, जिने आयुष्यभर अंगणातून चोरून ऐकलं, ती पाचव्या रांगेत खुर्चीवर बसून उजळ माथ्याने बघत होती. आमच्या आजूबाजूला बायकाच बायका होत्या. मध्यंतरात चहा पिताना एक अनोळखी काकू आईला म्हणाल्या, "अहो, आमच्या इकडं नाव काढलं तरी मार पडायचा." दोघी कितीतरी वेळ हसत होत्या. हे चौफुल्याला झालं नसतं. म्हणून या कार्यक्रमांची मला गरज वाटते, आणि म्हणूनच ते घाईत उरकलेले बघून राग येतो.

कारण यातलं काहीच अशक्य नाही. चौदाऐवजी पाच लावण्या घ्या. त्यातल्या दोन बैठकीच्या असू द्या, आणि त्या किती चालणार हे गाणारीला ठरवू द्या. सत्कार चहाच्या वेळी उरका. वादकांची नावं सुरुवातीला सांगा. लोप हा शब्द घरी ठेवून या. फर्माईश नोटेशिवाय करता येते, हे एकदा करून बघा. मानधन ठरलेलं, हात सुरक्षित आणि तरीही ओळ पाच वेळा येतेय, असं घडलं तर बारीतलं जे उत्तम आहे ते बारीतल्या वाईटापासून सोडवून घेता येईल. पैसे देणाऱ्या पुरुषाच्या हातात होता तो वेळ ऐकणाऱ्या सगळ्यांचा होईल.

*

शेवटी प्रमुख गाणारीने स्वतःच विचारलं होतं, "रसिकांची कुणाची काही फर्माईश?" पुढच्या रांगांतून दोन-तीन पुरुषांनी सिनेमातली गाणी ओरडून सांगितली. आईने माझा दंड धरला आणि हळूच एका लावणीचे पहिले शब्द सांगितले. तीच, भाकऱ्या थापताना गुणगुणलेली. "सांग की," म्हणाली. मी सांगितलं नाही. पाचव्या रांगेतून ओरडायची मला लाज वाटली. एवढं सगळं लिहिणारी मी, वेळ आली तेव्हा गप्प बसले. सिनेमातलं गाणं झालं आणि पडदा पडला.

रात्री दौंडच्या गाडीने आम्ही दोघी निघालो. हडपसर गेल्यावर डबा रिकामा झाला. मी म्हटलं, "आता म्हण ना ती." आधी नाही म्हणाली. मग पदर कानावरून घेतला, खिडकीकडे तोंड केलं आणि सुरू केली. हसत एकदा. मग थांबून, पुन्हा. मांजरी गेलं, लोणी गेलं. मध्येच दुधाच्या किटल्या घेऊन कुणी चढलं तेव्हा ती गप्प झाली, ते पुढच्या डब्यात गेल्यावर परत पहिल्यापासून. उरुळी मागे पडली तरी तिची अजून पहिलीच ओळ चालू होती.